यामानाका कातकाम

जपानच्या इशिकावा प्रांतातील कागा शहरात यामानाका हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव आहे. लाकडी वाडगे, ताटल्या, पेले आणि चहापूड ठेवण्याचे डबे लेथवर कातण्याची कला येथे चालते. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात एचिझेन भागातून आलेले कातारी नदीच्या वरच्या अंगाला मानागो येथे स्थिरावले आणि हा धंदा पुढे खाली गावात उतरला. ‘लाकूड यामानाकाचे, लेप वाजिमाचा, सोनेरी नक्षी कानाझावाची’ अशी या प्रांतातली वाटणी सांगतात.

यामानाकाचे वेगळेपण लाकूड कापण्यातच आहे. इतरत्र बहुधा फळ्या काढून त्यांतून वाडगे कातले जातात. येथे ओंडक्याच्या आडव्या चकत्या पाडतात आणि झाड जसे वाढले त्याच दिशेने वाडगा उभा कातला जातो. अशा वाडग्याचे लाकूड चहूबाजूंनी सारखे आकसते, म्हणून तो सहसा वाकडा होत नाही. काठ इतका पातळ करता येतो की त्यातून उजेड दिसावा. मात्र मधला गाभा तडकतो, तो टाळावा लागत असल्याने एका ओंडक्यातून नग कमी निघतात. शिवाय तळाशी तंतूंची टोके उघडी पडतात आणि पाणी तिथून मुरू शकते, त्यामुळे लेप नीट बसणे महत्त्वाचे.

केयाकी, तोची, चेरी ही नेहमीची लाकडे. आधी ओबडधोबड आकार काढून ती वाळवतात, मगच अखेरचे कातकाम होते. लांब दांड्याची वाकड्या पात्याची हत्यारे कातारी स्वतःच भट्टीत तापवून, ठोकून घडवतो. प्रत्येकाची धार त्याच्या हाताला बेतलेली. फिरत्या लाकडावर हत्याराचे टोक टेकवून केसासारख्या बारीक रेषा उमटवणे, ही येथील खास सजावट. ‘सेनसुजी’ म्हणजे शेकडो समांतर रेषांचा प्रकार पाहताना त्या हाताने काढल्यात यावर विश्वास बसत नाही.

लेप ‘उरुशी’चा, म्हणजे झाडाच्या चिकाचा. सावंतवाडीच्या खेळण्यांवरची लाख किड्यांपासून मिळते आणि घर्षणाच्या उष्णतेने वितळून चढते. उरुशी मात्र दमट हवेतच घट्ट होते. रेषा झाकल्या जाऊ नयेत म्हणून बरेचदा ती चोळून लगेच पुसून घेतात.

1975 मध्ये यामानाका भांड्यांना पारंपरिक हस्तकलेचा सरकारी दर्जा मिळाला. येथील कातारी कावाकिता र्‍योझो यांना 1994 मध्ये ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान देण्यात आला. गावात कातकाम शिकवणारी प्रांतिक संस्थाही आहे. पण याच गावाने विसाव्या शतकात प्लॅस्टिकवर लेप दिलेल्या स्वस्त भांड्यांचा मोठा कारभार उभा केला, त्यामुळे ‘यामानाका’ नावाने विकला जाणारा प्रत्येक वाडगा लाकडी असतोच असे नाही.