खोबरेल पोटात घ्यावं का? वादामागची सत्तर वर्षं

देशावरच्या घरात खोबरेल न्हाणीघराच्या फळीवर असतं. रत्नागिरीपासून खाली सिंधुदुर्ग, गोव्यापर्यंत तेच तेल चुलीजवळ असतं. मासे तळायला, फोडणीला, सांज्यावर वरून सोडायला. ते नक्की कशाचं तेल, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 2018 मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. अखेर 18 डिसेंबर 2024 रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला की केसांचं तेल म्हणून विकलं जात नसेल, तर लहान बाटलीतलं शुद्ध खोबरेलही खाद्यतेलच. तो वाद कराचा होता. आरोग्याचा वाद त्याहून जुना आहे आणि त्यात एक घोळ पहिल्यापासून आहे. ‘खोबरेल’ या एकाच नावाखाली चार-पाच निरनिराळ्या वस्तूंचे पुरावे एकमेकांच्या अंगावर फेकले जातात.

म्हणून आधी वस्तू ओळखू. कोकणात खोबरेल दोन वाटांनी निघतं. एक घाण्याचं. पिकलेले नारळ फोडून वाट्या वाळवतात. ओल्या खोबऱ्यात निम्मं पाणी असतं, ते 6 टक्क्यांपर्यंत उतरावं लागतं. वाटी 7-8 टक्के ओली राहिली की आतून हिरवी-काळी बुरशी धरते, आणि त्यातल्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करतात. पांढरंशुभ्र दिसावं म्हणून गंधकाची धुरी दिलेलं खोबरंही बाजारात येतं. नीट वाळलेल्या खोबऱ्यात 65 टक्क्यांच्या आसपास तेल असतं. कारखान्यात हेच तेल पुढे शुद्ध करून, रंग काढून, वास काढून विकतात. ते रिफाइंड.

दुसरं आवेल. ताजा, पुरता जून नारळ खवून कोमट पाण्याबरोबर वाटतात आणि फडक्यातून दोन-तीनदा पिळतात. दूध रात्रभर ठेवलं की साय वर येते, खालचं पाणी टाकून देतात. साय जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ठेवली की आधी नुसता फेस येतो, पाणी आटतं. मग चोथा गोळा होऊन तळाशी बसू लागतो आणि वर तेल काचेसारखं नितळ होतं. चोथा सोनेरी झाला की कढई उतरवायची. तपकिरी होईपर्यंत थांबलं तर तेलाला करपट वास लागतो. घाई करून पाणी ठेवलं तर आठ-पंधरा दिवसांत तेलाला साबणासारखी चव येते. पाण्याने तेलातलं लॉरिक आम्ल मोकळं होतं आणि साबण याच आम्लापासून करतात, म्हणून ती चव. दहा-बारा नारळांना घरच्या पद्धतीने जेमतेम अर्धा-पाऊण लिटर तेल निघतं. आज ‘व्हर्जिन’ नावाने चढ्या भावाने मिळतं ते याच कुळातलं, फक्त बहुधा आच न लावता काढलेलं.

वास, रंग आणि चवीत या तेलांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. मेदात मात्र जवळपास काहीच नाही. 100 ग्रॅम खोबरेलात 82 ते 90 ग्रॅम संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) असतो. लोण्यातल्या मेदात तो साधारण 63 टक्के, पाम तेलात 50. खोबरेलातला निम्मा मेद 12 कार्बनांचं लॉरिक आम्ल, 16 ते 20 टक्के मिरिस्टिक, 8-10 टक्के पामिटिक, आणि 8 व 10 कार्बनांच्या आखूड साखळ्या मिळून 13-15 टक्के. हे आकडे लक्षात ठेवावेत, सगळा वाद यांच्यावरच उभा आहे. थंडीत बाटली गोठते तेही याचमुळे. संपृक्त साखळ्या सरळ असतात, एकमेकींना चिकटून बसतात आणि 24 अंशांच्या खाली तेल घट्ट होतं.

वादाची सुरुवात आपल्याकडे झाली नाही, अमेरिकेत झाली, आणि पहिली भांडणं आरोग्याची नव्हतीच. फिलिपिन्सहून येणारं खोबरेल अमेरिकेत साबणात आणि मार्गारिनमध्ये जाई. तिथल्या शेतकऱ्यांना आणि दुग्धव्यावसायिकांना ते स्पर्धक वाटे, म्हणून 1934 मध्ये त्यावर पौंडामागे 3 सेंट कर बसला. 1942 मध्ये जपानने फिलिपिन्स घेतलं, पुरवठा तुटला आणि सोयाबीन तेलाला मोकळं रान मिळालं.

आरोग्याचा मुद्दा 1950 च्या दशकात आला. अमेरिकी संशोधक अँसेल कीज आणि इतरांनी संपृक्त मेद खाल्ल्यावर रक्तातलं कोलेस्टेरॉल किती चढतं हे मोजायला सुरुवात केली. त्या काळातल्या बऱ्याच प्रयोगांत, विशेषतः प्राण्यांवरच्या, हायड्रोजनेट केलेलं, म्हणजे हायड्रोजन जोडून घट्ट केलेलं, खोबरेल वापरलं होतं. त्यात आवश्यक मेदाम्लं जवळजवळ नसतात आणि ती न मिळाली तर तब्येत बिघडतेच. खोबरेलाचे समर्थक आजही हे बोट दाखवतात, आणि तेवढ्यापुरते ते बरोबर आहेत. पण साध्या, हायड्रोजनेट न केलेल्या तेलावरही प्रयोग झाले. 1965 मध्ये हेगस्टेड यांच्या गटाने माणसांना निरनिराळे मेद आलटून-पालटून खाऊ घातले, तेव्हा सर्वांत जास्त कोलेस्टेरॉल चढवणारं आम्ल म्हणून मिरिस्टिक पुढे आलं. खोबरेलात ते भरपूर आहे. 1961 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने संपृक्त मेद कमी करण्याचा सल्ला दिला होताच.

1980 च्या दशकात हा सल्ला बाजाराच्या लढाईत उतरला. सोयाबीन उत्पादकांच्या संघटनेने ‘उष्ण कटिबंधातल्या तेलां’विरुद्ध मोहीम चालवली. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेले अमेरिकेतल्या ओमाहाचे उद्योजक फिल सोकोलोफ यांनी 1988 मध्ये खाद्यकंपन्यांवर विषप्रयोगाचा आरोप करणाऱ्या पानभर जाहिराती दिल्या. बिस्किटांतून, कुरकुरीत पदार्थांतून खोबरेल आणि पाम तेल गेलं. 1994 मध्ये एका ग्राहक संघटनेने सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नचा मेद मोजून जाहीर केला आणि तिथूनही खोबरेल हललं. पण बिस्किटांत त्याच्या जागी आलं काय? अर्धवट हायड्रोजनेट केलेलं सोयाबीन तेल, म्हणजे आपल्या वनस्पती तुपाचं भावंड. 1990 मध्ये मेन्सिंक आणि काटान या डच संशोधकांनी दाखवलं की त्यातला ट्रान्स मेद एलडीएल हे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल चढवतोच, वर एचडीएल हे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल उतरवतो. एका संपृक्त तेलाला हाकलून त्याहून वाईट वस्तू घरात घेतली गेली. खाद्यपदार्थांतल्या तेल-तुपातला ट्रान्स मेद 2 टक्क्यांवर आणायला भारताला जानेवारी 2022 उजाडलं. ‘तेव्हाही शास्त्रज्ञ चुकले होते’ हा समर्थकांचा युक्तिवाद इथूनच येतो. चूक झाली ती पर्याय निवडण्यात. खोबरेल एलडीएल चढवतं ही मोजणी त्याने खोटी ठरत नाही.

दुसऱ्या बाजूचा सर्वांत वजनदार पुरावा पॅसिफिक बेटांवरून आला. इयान प्रायर यांच्या गटाने 1981 मध्ये टोकेलाऊ आणि पुकापुका बेटांवरच्या लोकांचा अभ्यास छापला. टोकेलाऊमध्ये अन्नातली 63 टक्के ऊर्जा नारळातून येत होती, पुकापुकात 34 टक्के, आणि दोन्हीकडे रक्तवाहिन्यांचे विकार विरळा. हा अभ्यास समाजमाध्यमांवर आजही फिरतो, पण अर्धाच. त्याच अहवालात टोकेलाऊच्या लोकांचं कोलेस्टेरॉल पुकापुकापेक्षा दर 100 मिलिलिटर रक्तामागे 35-40 मिलिग्रॅमने जास्त आढळलं होतं. आणि ती माणसं बाटलीतलं तेल खात नव्हती. ती नारळ खात होती, सोबत मासे, टॅरो (अळूचे कंद), ब्रेडफ्रूट (नीरफणस). साखर नाममात्र, दिवसभर अंगमेहनत. न्यूझीलंडच्या संशोधकांनी 2016 मध्ये जुने अभ्यास एकत्र तपासले तेव्हा हाच निष्कर्ष निघाला. खोबरेल लोण्यापेक्षा कमी, पण असंपृक्त तेलांपेक्षा जास्त एलडीएल चढवतं. पारंपरिक आहारात नारळ खाणाऱ्यांचा अनुभव पाश्चात्त्य जेवणात खोबरेल ओतणाऱ्यांना लागू करता येत नाही.

केरळात हा वाद ताटातला आणि खिशातलाही झाला. डॉक्टर खोबरेल बंद करायला सांगत होते, आयात पाम तेल स्वस्त मिळत होतं आणि खोबऱ्याचे भाव पडले की बागायतदार मोडत होता. 2016 मध्ये कोचीच्या डॉक्टरांनी हृदयविकाराच्या सुमारे 200 रुग्णांवर केलेली चाचणी छापली. निम्मे दोन वर्षं खोबरेलावर, निम्मे सूर्यफुलावर. कोलेस्टेरॉलमध्ये आणि झटक्यांमध्ये लक्षणीय फरक नाही. खोबरेलाच्या बाजूने ही चाचणी नेहमी दिली जाते. तिच्यातले रुग्ण कोलेस्टेरॉल उतरवणारी औषधं धरून सगळे उपचार घेत होते, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. औषधाने दाबलेल्या आकड्यात तेलाचा परिणाम दिसणं अवघड, आणि झटक्यांतला फरक ओळखायला 200 माणसं फार थोडी.

2000 नंतर खोबरेल औषध बनून परत आलं. मूळ धागा एमसीटी, म्हणजे मध्यम साखळीच्या मेदाच्या, तेलाचा. खोबरेलातल्या 8 आणि 10 कार्बनांच्या साखळ्या वेगळ्या काढून हे तेल करतात. ते आतड्यातून थेट यकृताकडे जातं आणि चटकन जळतं. ज्यांना मेद पचत नाही अशा रुग्णांना ते 1950 च्या दशकापासून दिलं जात आहे. कोलंबिया विद्यापीठातल्या मारी-पिएर सेंट-ऑन्ज यांच्या प्रयोगांत त्याने वजन उतरायला थोडी मदत झाली, आणि बाजाराने ती मदत खोबरेलाच्या नावावर लिहिली. त्यांनी स्वतः नंतर सांगितलं की प्रयोगातलं तेल 100 टक्के एमसीटी होतं, खोबरेलात ते 13-15 टक्केच असतं. लॉरिक आम्लाला रसायनशास्त्रात ‘मध्यम साखळी’ म्हणतात, या नावाचाच आधार घेतला गेला. शरीर मात्र बहुतेक लॉरिक आम्ल लांब साखळ्यांसारखंच, लसिकेतून वाहून नेतं. 2016 च्या एका अमेरिकी पाहणीत 72 टक्के सामान्य लोकांना खोबरेल आरोग्यदायी वाटत होतं, आहारतज्ज्ञांपैकी 37 टक्क्यांना.

या पार्श्वभूमीवर 2017 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सात चाचण्या मोजून दाखवल्या. सातही चाचण्यांत एलडीएल चढलं होतं, सहांत लक्षणीय. पुढच्या वर्षी हार्वर्डशी संबंधित कारिन मिशेल्स यांनी जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या व्याख्यानात खोबरेलाला ‘निव्वळ विष’ म्हटलं. भारताचे फलोत्पादन आयुक्त बी. एन. श्रीनिवास मूर्ती यांनी विधान मागे घ्या म्हणून हार्वर्डला पत्र लिहिलं. ‘विष’ हा शब्द चुकीचाच होता, विषाला मात्रा असते आणि त्या व्याख्यानात मात्रेला जागा नव्हती. त्याच वर्षी केंब्रिजच्या एका चाचणीत महिनाभर रोज 50 ग्रॅम व्हर्जिन खोबरेल खाणाऱ्यांचं एलडीएल ऑलिव्ह तेलवाल्यांपेक्षा लक्षणीय चढलं नाही, लोणीवाल्यांचं चढलं. हा निकाल उरलेल्यांपेक्षा वेगळा आहे, आणि तो चारच आठवड्यांचा. 2020 मध्ये नीलकंठन आणि सहकाऱ्यांनी 16 चाचण्या एकत्र केल्या. इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सरासरी 10.5 मिलिग्रॅम, एचडीएल 4 मिलिग्रॅम चढवलं.

‘चांगलं कोलेस्टेरॉलही वाढतं ना’ हा आधार फार कच्चा आहे. एचडीएल चढवणारं टॉर्सेट्रॅपिब हे औषध 2006 मध्ये चाचणी चालू असतानाच थांबवावं लागलं, कारण ते घेणाऱ्यांत मृत्यू वाढले. एचडीएलचा आकडा वर गेला म्हणून हृदय वाचतं असं त्यानंतर कोणी ठामपणे म्हणू शकलेलं नाही. आणि खोबरेल खाऊन झटके वाढतात की घटतात हे वर्षानुवर्षं मोजणारी मोठी चाचणी झालेलीच नाही. दोन्ही बाजू कोलेस्टेरॉलच्या आकड्यांवरूनच बोलतात.

कोकणी ताटाचा हिशेब मांडून पाहावा. जागतिक आरोग्य संघटना संपृक्त मेदाची मर्यादा ऊर्जेच्या 10 टक्के धरते. 2000 कॅलरींच्या आहारात ते दिवसाला 22 ग्रॅम होतात. ओल्या खोबऱ्यात 100 ग्रॅमला 33 ग्रॅम मेद, त्यातला 30 संपृक्त. माशाच्या आमटीला अर्धा नारळ, म्हणजे सुमारे 175 ग्रॅम खोबरं वाटलं आणि पाच माणसं जेवली, तर माणशी 10 ग्रॅम संपृक्त मेद वाटणातूनच आला. त्यावर माणशी एक मोठा चमचा, 14 ग्रॅम, खोबरेल तळणीत पोटात गेलं की आणखी 12. एका जेवणात दिवसाचा कोटा संपला, दूध, साय, तूप अजून मोजायचंच आहे. म्हणून ज्या घरात रोज वाटण आहे, तिथे सकाळी कॉफीत चमचाभर व्हर्जिन खोबरेल घालायला कोणतंही कारण नाही. वाटण ठेवावं, त्यात तंतू आहेत, चव आहे. तळणीचं तेल बदलावं, शेंगदाणा किंवा करडई घ्यावी. फोडणीला किंवा वरून सोडायला छोटा चमचा आवेल ठेवायला हरकत नाही. शिल्लक खोबरेल संपवायला दुसऱ्या तेलात मिसळून तळू नये, कढई फेसाळून उतू जाते.

स्वतःच्या शरीराचा प्रतिसाद पाहायचा असेल तर लिपिड प्रोफाइल करून घ्यावं, सहा आठवडे फक्त तेल बदलावं, वजन आणि बाकी जेवण आहे तसं ठेवावं आणि त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासावं. चालू औषध त्यासाठी थांबवू नये. एकाच माणसाचं एलडीएल काहीही न बदलता 8-10 टक्के इकडे-तिकडे होतं. फरक त्याहून मोठा असेल तरच तो तेलाचा धरावा, आणि धरण्याआधी आणखी एकदा तपासणी करावी.