रुकरी बिल्डिंग, शिकागो

अमेरिकेतील शिकागो शहरात ला सॅल व ॲडम्स या रस्त्यांच्या कोपऱ्यावरील कार्यालयीन इमारत. वास्तुकार डॅनियल बर्नम व जॉन वेलबॉर्न रूट. बांधकामाचा काळ साधारणपणे १८८५–८८ असा दिला जातो. पूर्णत्वाचे वर्ष सर्वत्र एकच आढळत नाही. मजलेही मोजणीनुसार ११ किंवा १२ सांगतात.

गगनचुंबी इमारतींच्या इतिहासात तिचे स्थान नेमके कोणते, याविषयी मतभेद आहेत. रस्त्याकडील ग्रॅनाइट, वीट व टेराकोटाच्या (भाजलेल्या मातीच्या) जाड भिंती स्वतःच भार पेलतात. मधल्या चौकाभोवतीच्या भिंती मात्र लोखंडी सांगाड्यावर उभ्या असून त्यांना पांढऱ्या चकचकीत विटा लावलेल्या आहेत. म्हणून काही अभ्यासक तिला सांगाडा-पद्धतीच्या, म्हणजे भिंतींऐवजी सांगाडाच भार पेलतो अशा बांधकामाच्या, पूर्वसूरींत गणतात. ‘संमिश्र रचना’ हे वर्णन अधिक सावध व बहुधा अधिक अचूक ठरेल. पायासाठी रूट यांनी रेल्वेरुळांचे आडवे-उभे थर काँक्रीटमध्ये बसवले. शिकागोच्या मऊ चिकणमातीत भार पसरवण्याचा हा उपाय त्यांनी याआधी माँटॉक ब्लॉक या शिकागोतील इमारतीतही योजला होता. त्यामुळे त्याची सुरुवात रुकरीपासून धरता येत नाही.

मधल्या चौकाच्या तळाशी असलेल्या, खालच्या दोन मजल्यांइतक्या उंच दालनावर लोखंड व काचेचे छत आहे. त्यावरचा चौक मुळात उघडा होता आणि त्यात भिंतीबाहेर आलेला वळणदार जिना थेट वरपर्यंत जातो. १९०५–०७ मध्ये वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांनी दालनाचा कायापालट केला: रूट यांचे नक्षीदार लोखंडी खांब पांढऱ्या संगमरवराने मढवले, त्यावर सोनेरी कोरीव नक्षी काढली व भौमितिक आकाराचे दिवे टांगले. या नक्षीचे मूळ रूट यांच्याच प्रवेशद्वारावरील कोरीवकामात शोधले जाते. १९३१ च्या सुमारास राइट यांचे पूर्वीचे सहायक विल्यम ड्रमंड यांनी प्रवेशदालनांची उंची मध्ये मजला घालून कमी केली. पुढे काचेचे छतही झाकले गेले व दालन अंधारले.

१९८८ ते १९९२ च्या दरम्यान झालेल्या पुनरुज्जीवनात राइटकालीन रूप प्रमाण मानले गेले. छत पुन्हा उघडले आणि चौकाच्या माथ्यावर काचेचे आणखी एक आच्छादन घातले. एका खांबावरील संगमरवराचा काही भाग मुद्दाम मोकळा ठेवला असून आतले रूट यांचे लोखंडी काम तेथे दिसते.