रॉक क्रॉलर

रॉक क्रॉलर : मोठे धोंडे, ओढ्यांची कोरडी पात्रे आणि खडकांचे उभे टप्पे सावकाश चढून जाता यावेत म्हणून फेरबांधणी केलेली फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी. शर्यतीच्या वेगाशी तिचा संबंध नाही. पायी चालणाऱ्याने तिला सहज मागे टाकावे, हाच तिच्या बांधणीचा हेतू. हा प्रकार मूळचा अमेरिकेतला. कॅलिफोर्नियातील रुबिकॉन ट्रेल आणि यूटातील मोॲब ही त्याची प्रसिद्ध ठिकाणे. पुणे परिसरात त्याला सह्याद्रीचा बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ मिळाला आणि भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक वसाहतींत लेथवर सुटे भाग कातून देणारा टर्नरही.

मूळ गाडी निवडताना वय पाहत नाहीत, सांगाडा पाहतात : भक्कम चॅसी, पुढे-मागे अखंड ॲक्सल (दोन्ही बाजूंची चाके जोडणारा आस) आणि लो, म्हणजे वेग घटवून ताकद वाढवणारा गिअर असलेला ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलकडे वाटणारी पेटी). महिंद्राने १९४७ पासून मुंबईत जोडलेल्या विलिस जीपच्या वंशातील सीजे ३बी व एमएम ५४०, १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी आणि जबलपूरच्या कारखान्यात लष्करासाठी बनलेली, निसान पेट्रोलवर बेतलेली जोंगा या त्यातल्या नेहमीच्या. जिप्सी हलकी, म्हणून दगडावर सोपी. जोंगा दणकट खरी, पण तिचे सुमारे ४ लिटरचे सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिन मालकाचा खिसा रिकामा करते.

सगळा खेळ गिअरच्या गुणाकाराचा आहे. पहिला गिअर, ट्रान्सफर केसचा लो आणि क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली शेवटची गिअरजोडी) यांची गुणोत्तरे गुणली की क्रॉल रेशो निघतो, म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे इंजिनाच्या किती फेऱ्या होतात तो आकडा. सीजे ३बीमध्ये तो २.८ × २.४६ × ५.३८, म्हणजे साधारण ३७ येतो. इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर निवांत फिरत असेल आणि टायर ३० इंची असेल, तर गाडी ताशी सुमारे ३ किलोमीटर सरकते. धोंड्यावर हाही वेग जास्तच. रेशो १०० वर नेला की तो ताशी सव्वा किलोमीटरच्याही खाली येतो आणि मग क्लच न दाबता, न जाळता चाक दगडावर अलगद चढवता येते.

इथूनच एका बदलामागे दुसरा बदल लागतो. मोठा टायर हवा म्हणून ॲक्सल स्प्रिंगच्या पाट्यांच्या वरून काढून खाली बसवतात आणि गाडी चार-पाच इंच उंच होते. उंची वाढली की ॲक्सलला ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन बिघडतो, स्टिअरिंगचा रॉड तिरपा पडतो, ब्रेकचे होज (रबरी नळ्या) अपुरे पडतात. ३० च्या जागी ३५ इंची टायर बसवला तर वाढवलेल्या रेशोचा सातवा हिस्सा तोच खाऊन टाकतो आणि वर जास्तीचा भार ॲक्सल शाफ्टवर येतो. एक चाक हवेत लटकले की साधा डिफरन्शियल (वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरजुळणी) सगळी फिरकी त्याच चाकाला देतो. त्यावर उपाय दोन्ही चाके एकत्र फिरवणाऱ्या डिफ लॉकचा. काही जण पैसे वाचवण्यासाठी डिफमधले गिअर सरळ वेल्ड करून टाकतात. दगडावर ते चालते. डांबरी रस्त्यावरच्या वळणात मात्र आतले चाक घासत ओढले जाते, म्हणून रोज रस्त्यावर जाणाऱ्या गाडीत ही काटकसर करू नये. लॉक लागलेला असताना पुढची चाके पूर्ण वळवून ॲक्सिलेटर दाबला, तर जिप्सीचा पुढचा सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही फिरकी पोचवणारा सांधा) आधी जातो. अनुभवी फिटर म्हणूनच इंजिनाच्या ताकदीआधी शाफ्टची जाडी विचारतो.

टायरमधली हवा हा सर्वांत स्वस्त बदल. रस्त्यावरची ३० पौंडांची हवा निम्म्यावर आणली की टायर दगडाला कवटाळून बसतो. त्याहून खाली जायचे तर टायरची कड रिमला जखडणारे बीडलॉक लागते, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. बेसॉल्ट कोरडा असताना पकड चांगली देतो. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरले की हीच गाडी आडवी घसरते. म्हणून गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा सीमलेस पाइपचा रोल केज आणि सीटबेल्ट आधी, अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारी विंच नंतर. गाडीपुढे उभे राहून चाकाची जागा हाताने दाखवणारा स्पॉटर तर हवाच, आणि चालकाने त्या एकाचेच ऐकायचे असते.

कायद्याची बाजू अवघड आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांहून वेगळे होतील असे फेरफार मालकाला करता येत नाहीत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. १५ वर्षांवरील खासगी गाडीची नोंदणी नव्याने करताना आरटीओत तपासणी होते, तिथे उंचावलेली गाडी अडकते. त्यामुळे पुरती बदललेली गाडी ट्रकवर चढवून खासगी जमिनीपर्यंत नेणे हाच सरळ मार्ग उरतो. ताम्हिणीचे अभयारण्य, राखीव वने आणि संरक्षित गडांचे माथे यांत ती घालणे बेकायदा तर आहेच. शिवाय कातळपठारांवरचा मातीचा पातळ थर एकदा चाकाखाली उखडला की लवकर भरून येत नाही.