संदर्भ गोळा करणं आणि चालढकल: फरक कुठं पडतो?

पुस्तक लिहायला घेतलेला माणूस कोल्हापुरात शोधावा लागत नाही. "झालं काय पुस्तक?" म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "अजून मटेरियल गोळा करालोय." असं म्हणणाऱ्यांपैकी कुणी खरोखर तयारी करत असतो, कुणी चालढकल. बाहेरून मात्र दोघं अगदी सारखे दिसतात. दोघंही करवीर नगर वाचन मंदिरात बसलेले, दोघांच्या वह्या टिपणांनी भरलेल्या, आणि संध्याकाळी दोघंही दमून घरी जाणारे. आळशी माणूस निदान आराम तरी करतो.

समजा, विषय आहे शहरातल्या तालमी. गंगावेस, मोतीबाग, शाहू महाराजांचा राजाश्रय, खासबाग मैदान, वस्तादांच्या आठवणी. संस्थानी काळातले पुष्कळ कागद मोडी लिपीत आहेत. मग मोडी शिकणं ही तयारी की चालढकल?

एकानं खासबागेचं प्रकरण लिहायला घेतलं. लिहिता लिहिता मैदानाच्या खर्चापाशी अडला. तेवढ्या कागदांसाठी तो पुरालेखागारात गेला, मोडी वाचणाऱ्या जाणकाराला सोबत घेतलं, हवं ते उतरवून घेतलं आणि प्रकरणाकडे परत आला. दुसऱ्याचं म्हणणं असं, की आधी मोडी पक्की करू, मग सगळे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, चाळू, मग लेखनाला बसू. टेबलावर कागद तेच, कष्ट कदाचित दुसऱ्याचेच जास्त. पण पहिल्याचा शोध लिहिलेल्या पानातून निघाला आहे, म्हणून तो कुठंतरी संपतो. दुसऱ्याचे रुमाल संपणार नाहीत, आणि खरं सांगायचं तर ते संपू नयेत असंच त्याला आतून वाटत असतं. "काय सापडलं की मी इथून उठेन?" या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर आहे त्याची तयारी चालू आहे असं खुशाल समजावं.

चालढकल ही वेळेच्या नियोजनाची भानगड आहे असं आपण धरून चालतो. फ्युशिया सिरोइस आणि टिमथी पिचिल या अभ्यासकांनी २०१३ मध्ये वेगळी बाजू मांडली: नकोशा कामानं येणारी अस्वस्थता तेवढ्यापुरती टाळण्यासाठी माणूस काम पुढं ढकलतो. लेखनात हे तंतोतंत पटतं. डोक्यात झकास असलेलं वाक्य कागदावर उतरलं की बेंगरूळ दिसतं. ते बघवत नाही, म्हणून आणखी एक ग्रंथ उघडायचा. वर अपराधी वाटण्याचीही सोय नाही, कारण तो ग्रंथ पुस्तकासाठीच तर वाचतोय!

रोजच्या छोट्या बैठकीचा खरा उपयोग इथं आहे. शब्द साठतात हे आहेच. रोज २०० शब्द धरले तर वर्षातल्या ३०० दिवसांत ६०,००० होतात, म्हणजे बऱ्यापैकी जाड पुस्तक. इंग्रजी कादंबरीकार अँथनी ट्रोलोप टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला घड्याळ समोर ठेवून तो दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिही. तो तीन तास बसे. आपण वीस मिनिटं बसलो तरी पुष्कळ. पण शब्दांपेक्षा मोलाची गोष्ट रॉबर्ट बॉइस यांच्या १९८३ च्या प्रयोगात दिसते. त्यांनी २७ प्राध्यापकांचे तीन गट केले: एकानं ठरल्याप्रमाणे सक्तीनं लिहायचं, दुसऱ्यानं मनात येईल तेव्हा, तिसऱ्यानं अगदी गरज पडली तरच. सक्तीच्या गटानं जास्त लिहिलं यात नवल नाही. नव्या कल्पनाही त्यांनाच सर्वांत जास्त सुचल्या, आणि न लिहिणाऱ्यांना सर्वांत कमी. 'सुचलं की बसतो' म्हणणाऱ्यांनी यावर विचार करावा.

तेव्हा क्रम उलटा ठेवावा. सकाळी आधी वीस मिनिटं लेखन, वाचनालय संध्याकाळी. लिहिताना खासबाग मैदान कोणत्या साली पुरं झालं ते आठवेना, तर 'साल बघणे' एवढं कंसात टाकून पुढं जायचं. १९१२ हे उत्तर मोबाइलवर दोन मिनिटांत मिळतं, हे खरं. पण त्या दोन मिनिटांमागून कुस्त्यांचे व्हिडिओ येतात आणि बैठक तिथंच चितपट होते. कंसांची यादी घेऊन संध्याकाळी गेलं की वाचनालयातलं काम आपोआप मापात राहतं.

एका बाबतीत मात्र मी घाई करायला सांगेन. म्हाताऱ्या वस्तादांच्या मुलाखती प्रकरण लिहून होईपर्यंत थांबवू नयेत, कागद थांबतात तशी माणसं थांबत नाहीत. तिथं आधी जावं, भरपूर ऐकून घ्यावं. फक्त घरी आल्यावर त्याच रात्री त्यातला एक तरी प्रसंग पुस्तकात जाईल अशा वाक्यांत लिहून काढावा. नुसती रेकॉर्डिंग साठत गेली, तर तेही पुन्हा मटेरियलच.