लक्षणविरहित दृष्टिपटल-विलगन

दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याचा पडदा, खालच्या रंजकस्तरापासून सुटला आणि तरी रुग्णाला काहीच जाणवले नाही, तर त्याला लक्षणविरहित विलगन म्हणतात. डोळ्यापुढे ठिपके नाहीत, चमक नाही, कडेने सरकणारी सावली नाही. चष्म्याचा नंबर काढायला आलेल्या माणसात ते सापडते, तेही थेंबांनी बाहुली मोठी करून आणि डोळा बाहेरून हलके दाबून पडद्याची कड पाहिली तरच.

असा रुग्ण बहुधा तरुण असतो आणि त्याला मोठा उणे नंबर असतो. पडद्याच्या कडेला जाळीसारखा विरळ झालेला भाग, त्यात बारीक गोल छिद्रे आणि खालच्या अर्ध्या भागात पडद्यामागे साठलेले पाणी, असे हे चित्र असते. या वयात डोळ्यातला जेलीसारखा काचद्रव पडद्याला चिकटून असतो. तो सुटताना बसणारी ओढ नसते, म्हणून चमकही नसते. पाणीही फार सावकाश पसरते. सुटलेल्या भागाच्या कडेला तपकिरी रेघ दिसली, तर पाणी तिथे काही महिने थांबले होते असे समजावे. मात्र ती रेघ म्हणजे बांध नव्हे, पाणी ती ओलांडू शकते.

उपचाराचा निर्णय इथेच अवघड होतो, कारण समोरचा डोळा उत्तम पाहत असतो. भाग लहान, खालचा आणि जुना असेल, तर ठरावीक काळाने तपासत राहणे पुरेसे ठरू शकते. पाणी वरच्या भागात असेल, तर गुरुत्वाकर्षणामुळे ते पडद्याच्या मध्यबिंदूकडे, म्हणजे सर्वात स्पष्ट दिसणाऱ्या जागेकडे, लवकर उतरते. तिथे, किंवा दुसऱ्या डोळ्याची दृष्टी याच आजाराने गेली असेल तर, वाट पाहणे धोक्याचे.

लेझर सुटलेल्या पडद्यावर धरत नाही. म्हणून पाण्याच्या हद्दीबाहेर, चिकटलेल्या पडद्यावर डागांच्या दोन-तीन ओळी मारतात आणि त्यांची दोन्ही टोके पडद्याच्या पुढच्या कडेपर्यंत नेतात. टोक मोकळे राहिले, तर पाणी तिथूनच वळसा घालते. डाग पक्के व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. लेझरने पडदा परत बसत नाही, फक्त कुंपण पडते. विलगन वाढू लागले तर डोळ्याला बाहेरून सिलिकॉनचा पट्टा बसवतात. तरुणांत काचद्रव काढण्यापेक्षा हा मार्ग बहुधा बरा, कारण त्याने नैसर्गिक भिंग शाबूत राहते.

निरीक्षणावर असलेल्या रुग्णाला एकेक डोळा झाकून पाहण्याची सवय लावावी लागते. दोन्ही डोळे उघडे असताना एकाची उणीव दुसरा भरून काढतो आणि सावली लक्षातच येत नाही.