पुंगळीतली दारू किती वेगाने जळावी?

अमेरिकेत पिस्तूल-नेमबाजीचा छंद असलेली अनेक माणसे झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या गोळा करून घरी नेतात, साफ करतात, आणि त्यांत नवा प्रायमर (ठोका बसताच दारू पेटवणारी टोपी), नवी दारू व नवी गोळी बसवून त्या पुन्हा वापरतात. पुंगळी हा काडतुसाचा सर्वांत महाग भाग असतो आणि नीट सांभाळली तर ती पुन्हापुन्हा भरता येते. स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला तिथल्या संघराज्याच्या कायद्यानुसार परवाना लागत नाही, विक्रीसाठी भरायची असतील तर लागतो. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार काडतुसे तयार करण्यासाठी परवाना आवश्यक आहे, त्यामुळे हा छंद आपल्याकडे घरोघरी आढळत नाही. मात्र या छंदातला मुख्य प्रश्न शुद्ध भौतिकशास्त्राचा आहे. दुकानात दारूचे डझनावारी डबे मांडलेले असतात, त्यांतला आपल्या काडतुसासाठी कोणता घ्यायचा?

नवखा माणूस बहुधा सर्वांत जोरदार दारू कोणती, असे विचारतो. परंतु बाजारातल्या वेगवेगळ्या दारूंमध्ये दर ग्रॅममागे साठलेली ऊर्जा साधारण एकाच पट्ट्यातली असते. काही दारू केवळ नायट्रोसेल्युलोजची असते, काहींत नायट्रोग्लिसरीनही मिसळलेले असते, आणि दुसऱ्या प्रकारात ऊर्जा थोडी अधिक असते. निवड ज्यावर ठरते ती गोष्ट वेगळीच आहे. ही ऊर्जा किती वेळात मोकळी होते, म्हणजे दारू किती वेगाने जळून वायू तयार करते, हे पाहावे लागते. पिस्तुलाची नळी साधारण दहा ते पंधरा सेंटिमीटर लांब असते, आणि गोळी तिच्यात एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ असते. तेवढ्या अवधीत दारूने आपले काम उरकले पाहिजे. ती फार सावकाश जळली तर अर्धवट जळलेले कण नळीतून बाहेर पडतात आणि तोंडाशी मोठा जाळ दिसतो. ती फार झपाट्याने जळली तर गोळी पुरेशी पुढे सरकण्याआधीच, म्हणजे वायूला पसरायला जागा मिळण्याआधीच, दाब शिगेला पोचतो.

या जळण्याचा नियम फ्रान्सच्या पॉल व्येय यांनी मांडला. १८८४ मध्ये पहिली यशस्वी धूररहित दारू, म्हणजे आज काडतुसांत भरतात तसली दारू, तयार करणारे रसायनतज्ज्ञ तेच. बंद पोलादी भांड्यात दारू पेटवून दाब कसा चढतो हे मोजल्यावर त्यांना दिसले की दाब जितका अधिक, तितका दारूचा पृष्ठभाग अधिक वेगाने आत आत जळत जातो. याचा परिणाम फार दूरवर जातो. धूररहित दारूची चिमूट उघड्यावर पेटवली तर ती पिवळ्या ज्योतीने भुरभुर जळून जाते, आणि तीच चिमूट पुंगळीत कोंडली तर क्षणार्धात प्रचंड दाब निर्माण करते. जळण्याने दाब वाढतो आणि वाढलेला दाब जळणे आणखी वाढवतो. म्हणूनच दारू दहा टक्क्यांनी वाढवली तर गोळीचा वेग दहा टक्क्यांनी वाढत नाही, त्याहून कमीच वाढतो, पण कमाल दाब मात्र दहा टक्क्यांपेक्षा बराच अधिक चढतो. ‘थोडी जास्त घातली तर काय बिघडते’ या विचाराला या क्षेत्रात थारा का नाही, ते यावरून कळावे.

जळण्याचा वेग ठरवण्याचे दुसरे साधन म्हणजे कणांचा आकार, आणि मला स्वतःला या विषयातला हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. धूररहित दारू भुकटीसारखी दिसत असली तरी तिचा प्रत्येक कण मोजूनमापून घडवलेला असतो, आणि तो बाहेरून आत असा थराथराने जळतो. चपट्या चकतीची जाडी जितकी कमी तितकी ती लवकर संपते, आणि पिस्तुलाच्या पुष्कळशा दारू अशा पातळ चकत्यांच्याच असतात. भोक असलेल्या नळकांडीचा कण जळताना बाहेरचा पृष्ठभाग आक्रसत जातो, तर आतला भोकाचा पृष्ठभाग वाढत जातो, त्यामुळे वायू बराच काळ सारख्या दराने निघत राहतो. रायफलीच्या लांब नळीला असे जळणे मानवते. गोल कणाचा पृष्ठभाग झपाट्याने घटत जातो, म्हणजे तो सुरुवातीलाच भरपूर वायू देऊन नंतर मंदावतो. ते टाळण्यासाठी गोल कणांच्या बाहेरच्या थरात जळणे मंद करणारे रसायन मुरवतात. बहुतेक कणांवर ग्रॅफाइटचाही हात फिरवलेला असतो. दारूला करडी चकाकी येते ती त्यामुळेच. या थरामुळे कण एकमेकांना न चिकटता वाहतात आणि त्यांच्यावर स्थितिक विद्युत साचत नाही.

आता दोन काडतुसे शेजारी शेजारी ठेवून पाहू. पॉइंट अडतीस स्पेशल हे रिव्हॉल्व्हरचे काडतूस १८९८ च्या सुमारास अमेरिकेत आले, तेव्हा त्यात काळी दारू, म्हणजे सोरा, गंधक आणि कोळशाची जुनी दारू, भरली जात असे. काळ्या दारूच्या ज्वलनातून निम्म्याहून अधिक वजनाचे घन पदार्थ मागे राहतात, धूर दिसतो तो त्यांचाच, त्यामुळे तेवढ्याच कामासाठी ती पुष्कळ लागते. तो काळच स्थित्यंतराचा होता. आपल्याकडे खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, काळ्या दारूच्या जमान्यातला आहे, तर निलगिरीतल्या अरुवनकाडूचा कॉर्डाइट (धूररहित दारूचा एक प्रकार) कारखाना १९०४ चा, धूररहित दारूच्या जमान्यातला. अडतीस स्पेशलची पुंगळी सुमारे एकोणतीस मिलिमीटर लांब राहिली ती जुन्या दारूच्या हिशेबाने. आज तिच्यात भरली जाणारी धूररहित दारू वजनाने पूर्वीच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकीच असते आणि पुंगळीचा मोठा भाग रिकामा राहतो. याउलट नऊ मिलिमीटर लुगर हे काडतूस विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, धूररहित दारू गृहीत धरूनच, जर्मनीत रचले गेले. त्याची पुंगळी जेमतेम एकोणीस मिलिमीटरची असते. अमेरिकी मानकानुसार अडतीस स्पेशलचा कमाल दाब दर चौरस इंचाला १७,००० पौंड आहे, तर नऊ मिलिमीटरचा ३५,००० पौंड. मोटारीच्या टायरमध्ये आपण भरतो त्या दाबाच्या हा सुमारे हजारपट झाला.

या फरकाचे परिणाम दारू निवडताना थेट भोवतात. अडतीस स्पेशलच्या ऐसपैस पुंगळीत बुल्सआयसारख्या झपाट्याने जळणाऱ्या दारूचा नेमका बार (एका काडतुसात घालायची दारू) इतका थोडा असतो की चुकून दोनदा भरला तरी दारू तोंडापर्यंत येत नाही आणि चूक नजरेला पडत नाही. दुप्पट बाराचा दाब मात्र रिव्हॉल्व्हर फोडू शकतो. म्हणून नवशिक्याने याच कामासाठी अशी फुगीर दारू निवडावी जी पुंगळी निम्म्याहून अधिक भरते आणि दुप्पट पडली तर बाहेर सांडते. हा सल्ला मला इतर सगळ्या निकषांहून महत्त्वाचा वाटतो. नऊ मिलिमीटरच्या चिमुकल्या पुंगळीत धोका दुसरीकडे असतो. गोळी एखादा मिलिमीटर जास्त खोल बसली तरी दारूच्या वाट्याची जागा लक्षणीय घटते आणि दाब चढतो, आणि झपाट्याने जळणारी दारू असेल तर फारच चढतो. तिथे मध्यम वेगाची दारू चुकीला थोडी अधिक माफी देते.

मॅग्नम, म्हणजे अधिक जोराच्या, काडतुसांचे गणित आणखी निराळे आहे. १९३५ मध्ये आलेले तीनशे सत्तावन्न मॅग्नम हे अडतीस स्पेशलचेच ताणलेले रूप. त्यात जड गोळीला मोठा वेग द्यायचा असल्यामुळे एच-११० सारखी सावकाश जळणारी दारू पुंगळी जवळजवळ भरेपर्यंत घालतात. इथे सावधगिरीचा नेहमीचा मार्ग उलटतो. अशी दारू कमी घातली तर पेटायला हवा तो दाबच तयार होत नाही, ज्वलन अडखळते आणि गोळी नळीतच अडकू शकते. हे लक्षात न आल्याने पुढची गोळी झाडली गेली तर नळी फुगते किंवा फाटते. म्हणून उत्पादक या दारूचा छापलेला बार फारसा कमी करू नका, असे स्पष्ट बजावतात.

स्पर्धक नेमबाजांची निवड पाहिली तर हेच तत्त्व अधिक बारकाईने वापरलेले दिसते. व्यावहारिक नेमबाजीच्या अमेरिकी स्पर्धांत गोळीचे ग्रेनमधले वजन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम) गुणिले फुटांतला वेग, भागिले हजार, असा आकडा मोजतात, आणि खालच्या गटासाठी तो किमान १२५ असावा लागतो. १२४ ग्रेनची गोळी सेकंदाला १,०५५ फुटांनी गेली किंवा १४७ ग्रेनची ८९० फुटांनी गेली, तरी आकडा सुमारे १३१ च येतो. धक्का मात्र सारखा नसतो, कारण गोळीमागून बाहेर पडणारा वायूही हाताला मागे ढकलतो आणि तो गोळीपेक्षा कितीतरी वेगाने निघतो. म्हणून अनेक स्पर्धक जड गोळी आणि झपाट्याने जळणारी थोडीशी दारू ही जोडी पसंत करतात. ज्यांच्या नळीच्या टोकाला वायू वरच्या दिशेने सोडणारा कॉम्पेन्सेटर असतो, ते नेमके उलटे करतात आणि सावकाश जळणारी दारू अधिक घालतात, कारण त्यांना तोंडाशी भरपूर वायू हवा असतो.

दुकानांत दारूंची वेगानुसार लावलेली क्रमवारी टांगलेली असते. ती उपयोगी आहे, पण त्यात केवळ कोण कोणाच्या आधी एवढेच कळते. शेजारच्या दोन दारूंमध्ये किती अंतर आहे ते त्यातून समजत नाही, त्यामुळे एकीचा बार दुसरीला लावणे धोक्याचे ठरते. बार ठरवायचा तो उत्पादकाने दाब मोजून छापलेल्या तक्त्यावरूनच, त्याच गोळीसाठी, आणि सर्वांत कमी आकड्यापासून सुरुवात करून. हे मोजमापही ग्रेनमध्येच होते. एका पौंडाचे ७,००० ग्रेन. चार ग्रेनच्या बारात अर्ध्या ग्रेनची चूक म्हणजे साडेबारा टक्क्यांची चूक. भरणीची यंत्रे दारू वजनावर नव्हे तर आकारमानावर मोजून टाकतात. बारीक गोल कण त्यांतून एकसारखे वाहतात आणि मोठ्या चकत्या मध्येच अडतात, त्यामुळे चकत्यांची दारू घेणाऱ्याने दर थोड्या वेळाने तराजूवर पडताळा घेणे भाग असते.

कोकणात शेतीच्या संरक्षणासाठी परवान्यावर ठासणीच्या बंदुका बाळगल्या जातात. त्यांच्या नळ्या काळ्या दारूच्या मर्यादित दाबासाठी घडवलेल्या असतात. काळ्या दारूच्या मापाने धूररहित दारू ठासली तर ती नळी फुटून जीव जाऊ शकतो, मग ती दारू पिस्तुलाची असो वा रायफलीची.

साठवणीतही दाबाचाच नियम चालतो. दारू तिच्या मूळ डब्यातच ठेवावी, कारण तो मुद्दाम कमकुवत बनवलेला असतो. आग लागलीच तर तो लवकर उकलतो आणि आतली दारू कोंडली न जाता नुसती जळते. जाड पोलादी पेटीत हवाबंद केलेली तीच दारू स्फोटक ठरू शकते. नायट्रोसेल्युलोज वर्षानुवर्षे हळूहळू विघटित होत असते, आणि त्यातून सुटणारी आम्ले शोषून घेण्यासाठी दारूत स्थिरक मिसळलेला असतो. उष्णतेत तो लवकर संपतो, म्हणून डबा थंड, कोरड्या जागी ठेवावा, आणि उघडताच आंबट, झोंबणारा वास किंवा तांबूस वाफ आली तर ती दारू वापरू नये. टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा असावा. करड्या चकत्यांच्या दोन दारू डोळ्यांना सारख्या दिसतात आणि त्यांच्या वेगात दुपटीचाही फरक असू शकतो, त्यामुळे लेबल नसलेल्या बरणीतली किंवा यंत्रात कालपासून पडून राहिलेली, नाव न आठवणारी दारू पुंगळीत घालायची नसते, मग ती कितीही महाग असो.