फोनचा पॅनोरमा आणि ३६० अंशांचा पॅनो: दिसायला सारखे, घडणीत वेगळे

फोन आडवा फिरवून काढलेल्या लांबलचक फोटोलाही पॅनोरमा म्हणतात आणि ज्यात बोटाने वर-खाली, चहूकडे फिरता येते त्यालाही पॅनोरमाच म्हणतात. त्यामुळे फोनवरची पट्टी ३६० व्ह्यूअरमध्ये (असा फिरता फोटो दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) टाकून ‘हे वाकडं का दिसतंय?’ असा प्रश्न नेहमी येतो. पट्टीत आकाशाचा माथा नसतो आणि पायाखालची जमीनही नसते. गोल पॅनोत, म्हणजे चहूकडे फिरता येणाऱ्या पॅनोरमात, दोन्ही असतात: आडवे ३६० अंश, उभे १८० अंश. म्हणून त्याची फाइल नेमकी २:१ असते, उंचीच्या दुप्पट रुंदी. फोटो हातात आला की आधी हे प्रमाण पाहावे. ते २:१ नसेल तर तो पूर्ण गोल नाही. व्ह्यूअर अशी पट्टी ओढूनताणून गोलावर बसवतो आणि माणसे बारीक, उंच किंवा चेपलेली दिसू लागतात.

पण कुठे काय काढायचे हे रुंदीवर ठरत नाही. सगळ्यात जवळची वस्तू किती अंतरावर आहे, यावर ते ठरते. गोव्यात रेइश मागुश किल्ल्याच्या तटावरून मांडवी आणि पलीकडची पणजी टिपायची असेल, तर जवळ काहीच नसते. तिथे फोनची पट्टी उत्तम येते आणि छापायलाही तीच बरी. तांबडी सुर्लच्या महादेव मंदिरासमोर मात्र बेसाल्टचे खांब हाताच्या अंतरावर आणि मागे रान. पॅनोरमा अनेक फोटो जोडून बनतो, त्यामुळे तिथे पट्टी काढली की जोडावर खांब तुटलेला दिसतो.

तो का तुटतो हे आकड्यांतच पाहू. कॅमेरा नेहमीच्या ट्रायपॉडवर लावला की लेन्सचा प्रकाश आत घेणारा बिंदू फिरण्याच्या अक्षापासून, समजा, ८ सेंटीमीटर पुढे राहतो. कॅमेरा ६० अंश फिरवला की तो बिंदूही ८ सेंटीमीटर सरकतो. १२,००० पिक्सेल रुंद पॅनोत २ मीटरवरच्या खांबाची कड त्यामुळे ७५ पिक्सेलपर्यंत इकडची तिकडे होते. एक किलोमीटरवरची इमारत एक पिक्सेलही हलत नाही. फोन हात लांब करून, स्वतःभोवती फिरत काढला तर हे सरकणे कितीतरी पटींनी वाढते. म्हणून पट्टी काढतानाही फोन छातीजवळ धरावा, तो जागच्या जागी फिरवावा आणि पाय त्याच्याभोवती टाकावेत. फोन फिरवायला लागण्याआधी स्क्रीनवर बोट दाबून एक्स्पोजर (प्रकाशाचे प्रमाण) लॉक करावा, नाहीतर सूर्याकडून सावलीकडे जाताना आकाशात पट्टे उमटतात.

गोल पॅनोसाठी पॅनो हेड, म्हणजे ट्रायपॉडवर बसवून कॅमेरा धरणारे साधन, लागते. त्याच्या आडव्या दांडीवर कॅमेरा मागे-पुढे सरकवून तो बिंदू बरोबर अक्षावर आणायचा. हे काम घराच्या अंगणातच करून खूण करून ठेवावी. कॅमेऱ्यापासून ४० सेंटीमीटरवर एक काठी उभी करायची, तिच्या रेषेत दूरचा विजेचा खांब धरायचा. कॅमेरा उजवीकडे फिरवताना काठी खांबाच्या डावीकडे सरकली तर कॅमेरा मागे घ्यायचा. उजवीकडे सरकली तर पुढे. फिशआय (खूप रुंद कोनाच्या) लेन्समध्ये हा बिंदू कोनाप्रमाणे थोडा बदलतो, म्हणून चाचणी फ्रेमच्या मधोमध घेऊ नये. दोन फोटो जिथे जुळणार तिथे, म्हणजे मध्यापासून साधारण ३० अंशांवर घ्यावी. बरेच जण इथेच चुकतात आणि मग दोष सॉफ्टवेअरला देतात.

एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरचा) कॅमेरा आणि ८ मिलिमीटर फिशआय असेल तर कॅमेरा उभा धरून ६० अंशांच्या अंतराने ६ फोटो, एक माथ्याचा आणि एक जमिनीचा, एवढे पुरतात. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर यातून साधारण १२,००० पिक्सेल रुंद पॅनो मिळतो. भर उन्हात आयएसओ १००, छिद्र एफ ८ आणि शटर १/४०० सेकंदाच्या आसपास सुरुवात करावी. सगळे मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स डेलाइटवर कायम. फोकस १ मीटरवर ठेवला तरी क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट येते. पोलरायझर फिल्टर काढून ठेवावा, त्याने आकाशाच्या एकाच भागात गडद डाग येतो. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर बाष्प धरते. ते जाईपर्यंत कॅमेरा बाहेर ठेवून थांबावे, सारखे पुसत बसू नये.

किनाऱ्यावर वेगळीच अडचण येते. ओल्या वाळूत लाट पायांखालून गेली की ट्रायपॉड खचतो आणि आठही फोटोंची उंची एक राहत नाही. पाय आधीच दाबून खोल रुतवावेत किंवा भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूवर उभे राहावे. क्षितिज हीच इथली सर्वात चांगली कसोटी: कॅमेरा समपातळीत असेल तर समुद्राची रेषा फाइलच्या बरोबर मध्यावर सरळ जाते. ती लाटेसारखी वळली तर पॅनो कललेला आहे. फोटो जोडणाऱ्या हगिन किंवा पीटीगुई या सॉफ्टवेअरमध्ये उभ्या रेषा दाखवून कल दुरुस्त होतो, पण माडाचे खोड उभी रेष म्हणून कधीही घेऊ नये. किनाऱ्यावरचे माड बहुधा झुकलेले असतात. विजेचा खांब घ्यावा, देवळात असाल तर इमारतीचा कोपरा.

हलणाऱ्या गोष्टींसाठी त्याच जागी दोन-तीन फोटो जादा काढावेत आणि जोडताना मास्क करून (नको तो भाग झाकून) तुटलेली माणसे वा लाटा वगळाव्यात. शिगमोच्या मिरवणुकीत हे जमत नाही. तिथे दोन लेन्सचा, एका क्लिकचा ३६० कॅमेराच योग्य. फक्त त्याच्या दोन लेन्समधली जोडरेषा जवळच्या माणसावर येऊ देऊ नये, मीटरभराच्या आतली वस्तू त्या रेषेवर तुटते. जवळच्या माणसाकडे लेन्सचे तोंड ठेवावे, कॅमेऱ्याची कड नाही.

जमिनीच्या फोटोसाठी ट्रायपॉड बाजूला करून कॅमेरा त्याच बिंदूवर हातात धरायचा. जांभ्यावर वा वाळूवर हा तुकडा सहज मिसळतो. मंगेशीसारख्या देवळाच्या फरसबंद आवारात फरशीच्या रेषा जुळवाव्या लागतात. तिथे दोन-तीन फोटो जास्त घ्या. तांबडी सुर्लचे मंदिर भारतीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तेव्हा ट्रायपॉड उघडण्याआधी परवानगी विचारावी.

फाइल तयार झाली तरी ती फिरण्यासाठी तिच्यात एक नोंद लागते: प्रोजेक्शन, म्हणजे गोल चित्र सपाट फाइलवर मांडण्याची पद्धत, इक्विरेक्टँग्युलर असल्याची एक्सएमपी (फाइलमध्येच साठवलेली) माहिती. काही फोटो एडिटर सेव्ह करताना ती पुसून टाकतात आणि मग फेसबुकवर गोल पॅनो नुसता वाकडा-तिकडा फोटो म्हणून दिसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला तरी तेच होते, वर आकारही घटतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. फोनची पट्टीही हलती करता येते. पॅनेलम या मोफत व्ह्यूअरला तिचा आडवा आणि उभा कोन अंशांत सांगायचा, उदाहरणार्थ १८० आणि ५०. मग तो ती ताणत नाही, तेवढ्याच भागात फिरवतो.